एआय शिकवायचंय ना, मग मनापासून सुरुवात करा

आजकाल जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनचे जे फ्लेक्स लागतात त्यावर एआय आणि रोबोटिक्स हे दोन शब्द असतातच. सीबीएसईने २०१९ पासून नववीला एआय विषय आणला आणि त्यानंतर सगळ्यांनाच घाई झाली. माझा ह्याला विरोध नाही, पोरांना नवीन काही शिकायला मिळत असेल तर चांगलंच आहे, पण वर्गात नेमकं शिकवतात काय ते एकदा बाजूला बसून बघा. तयार ॲप उघडायचं, त्यात फोटो टाकायचे, ॲप सांगतं हे मांजर आणि हा कुत्रा, नाहीतर चॅटबॉटला प्रश्न कसा टाकायचा ते सांगायचं, झाला तास. पोरगं घरी येतं तेव्हा त्याला इतकंच कळलेलं असतं की आत काहीतरी भारी मशीन आहे आणि ते लांब कुठेतरी बेंगलोर-अमेरिकेतले लोक बनवतात.

मला म्हणायचंय ते असं की हे सगळं ज्या प्रश्नातून निघालं तो प्रश्नच आपण मुलांना देत नाही. माणसाचं डोकं चालतं कसं, हा तो प्रश्न. आपण शिकतो कसं, विसरतो का, लहान मूल कोणी न शिकवता बोलायला कसं लागतं, एकच चूक माणूस परत परत का करतो. ह्याचा अभ्यास म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स, आणि त्यात शिरायचा सगळ्यात सरळ रस्ता मला तरी हाच दिसतो की मनाबद्दल तुम्हाला जे वाटतं ते छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहा, चालवा, आणि माणूस जिथे चुकतो तिथेच तुमचा प्रोग्रॅम पण चुकतो का ते बघा. हे अकरावी-बारावीला यावं, आणि त्याच्याही आधी डी.एल.एड. आणि बी.एड.ला यावं, म्हणजे जे उद्या शिक्षक होणार त्यांच्याकडे. आणि खान्देशात तर यावंच यावं, का ते पुढे सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण हा सगळा कॉम्प्युटरवाल्यांचा कारभार आहे असा गैरसमज पक्का बसलाय. १९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स ह्या दोघांनी मेंदूतल्या पेशीचं गाजलेलं गणिती मॉडेल मांडलं, त्यातले मॅककलक डॉक्टर होते आणि मेंदूवर काम करायचे. १९५८ मध्ये पर्सेप्ट्रॉन, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं साधं मॉडेल, मांडणारा फ्रँक रोझेनब्लॅट हा मानसशास्त्रज्ञ, आणि त्याचा तो पेपर छापून आला तोही मानसशास्त्राच्याच जर्नलमध्ये. १९८६ मध्ये ज्या पद्धतीमुळे न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूच्या पेशींसारख्या जोडण्यांतून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, खरी चाल मिळाली त्या पेपरवर पहिलं नाव डेव्हिड रुमेलहार्टचं, तोही मानसशास्त्रज्ञच. त्याच पेपरमधले जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यांची केंब्रिजची पहिली डिग्री प्रायोगिक मानसशास्त्रातली आहे. म्हणजे ज्या एआयसाठी आपण जास्तीची फी भरतो ते मनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या टेबलावरून आलेलं आहे, आणि आपल्याकडे मात्र मानसशास्त्र घेतलेल्या पोराला कॉम्प्युटर लॅबमध्ये कोणी बोलवत नाही आणि कॉम्प्युटरवाल्या पोराला मानसशास्त्र म्हणजे आर्ट्सवाल्यांचा सोपा पेपर वाटतो.

आता वजाबाकी घ्या. तिसरी-चौथीतली हातच्याची वजाबाकी, जिच्यावर झेडपीच्या शाळेपासून इंग्लिश मीडियमपर्यंत सगळे गुरुजी वैतागलेले असतात. गणित द्या ४०३ वजा १५८. बरोबर उत्तर २४५. वर्गात तीन मुलं तीन चुकीची उत्तरं आणतात, एकाचं ३५५, दुसऱ्याचं ३४५, तिसऱ्याचं १५५. आपण काय करतो, तिघांवर लाल फुली मारतो, 'लक्ष देत नाही' म्हणतो आणि तिघांना परत तोच हातचा तसाच समजावतो. पण जरा थांबून बघा. ३५५ वाला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून छोटा काढतोय, आठातून तीन पाच, पाचातून शून्य पाच, चारातून एक तीन. त्याला हातचा ही भानगडच माहीत नाही. ३४५ वाल्याला हातचा येतो, तीनाचे तेरा त्याने बरोबर केले, शेजारच्या शून्याचे नऊ पण केले, फक्त ते नऊ आले कुठून हे त्याने बघितलं नाही, चाराचे तीन करायचे राहिले. आणि १५५ वाला शून्याला हातच लावत नाही, शून्यावरून उडी मारून थेट चाराकडून आणतो, मग दशकाला परत गरज पडते तेव्हा परत चाराकडूनच आणतो. तीन चुका तीन वेगळ्या आहेत, उपाय पण तीन वेगळे लागतात. हे खरं की खोटं तपासायचं असेल तर तिघांना ६२ वजा ३८ द्या. पहिला ३६ लिहील, आणि बाकीचे दोघं २४, एकदम बरोबर, कारण तिथे शून्य नाहीये.

हे माझं काही डोकं नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन ह्यांनी १९७८ मध्ये हे काम छापलं, त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव बग्गी. हजाराहून जास्त मुलांचे वजाबाकीचे पेपर त्यांनी तपासले आणि दाखवून दिलं की चुकांमधला मोठा भाग हा हलगर्जीपणा नसतो, मूल एक चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळत असतं. आणि प्रोग्रॅमचा उपयोग त्यांनी केला तो मला सगळ्यात आवडतो, त्यांनी तो होऊ घातलेल्या शिक्षकांना खेळायला दिला. कॉम्प्युटर चुकणाऱ्या मुलाचा रोल करतो, तुम्ही त्याला गणितं घालायची आणि त्याच्या डोक्यात कुठला नियम बसलाय ते ओळखायचं.

आम्ही हे गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी डी.एल.एड.च्या पोरापोरींबरोबर करून बघितलं, पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, अगदी साधं. आधी त्यांना सांगितलं की बरोबर वजाबाकीचा प्रोग्रॅम लिहा, चुकीचा नंतर बघू. इथेच गाडी अडकली. 'हातचा घ्या' हे कॉम्प्युटरला कळत नाही, घ्या म्हणजे नेमकं काय करा ते सांगावं लागतं. शेवटी एका गटाने लिहिलं की वरचा अंक छोटा असेल तर त्यात दहा मिळवा आणि डाव्या हाताच्या अंकातून एक कमी करा. चालवून बघितलं, ४०३ वजा १५८ चं उत्तर बरोबर २४५ आलं, सगळे खूश. मग आम्ही मधले आकडे स्क्रीनवर छापायला लावले. तर शून्यातून एक कमी केल्यावर कॉम्प्युटरने तिथे उणे एक ठेवलेला होता, नंतर त्यात दहा मिळवून नऊ केले आणि आरामात पुढे गेला. तिसरीतल्या मुलाला उणे एक माहीतच नाही. नियम तोच आहे, पण कॉम्प्युटर तिथून निघून जातो आणि मूल तिथेच अडकतं, आणि अडकलं की ते वही बंद करून बसत नाही, स्वतःच्या डोक्याने काहीतरी मार्ग काढतं. कोणी नऊ करून मोकळं होतं, कोणी उडी मारतं. ब्राऊन आणि व्हॅनलेन ह्यांनी १९८० मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की नियम जिथे संपतो तिथे मूल स्वतःची दुरुस्ती शोधतं आणि त्यातून ह्या चुका तयार होतात.

त्या गटातली एक मुलगी, बोदवडकडची, ती स्क्रीनवर बघत म्हणाली, "सर, ह्याचं तर सगळं पक्कं आहे, फक्त शून्याशी आल्यावर त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही." ती ज्याच्याबद्दल बोलत होती तो कॉम्प्युटरमधला मुलगा होता, पण हे वाक्य ती उद्या वर्गातल्या खऱ्या मुलाबद्दल बोलणार आहे, आणि त्याचा सगळा फरक पडतो. मूल्यमापनावर कितीही भाषणं ऐकवा, ही नजर तशी येत नाही. स्वतःच्या हाताने चुकणारं मूल बनवून बघितलं की येते.

आता खान्देशाचं का म्हणत होतो ते सांगतो. आपल्याकडे मूल शाळेत येतं ते रिकाम्या तोंडाने येत नाही. धुळे, शिंदखेडा, अमळनेर भागात घरी अहिराणी, रावेर-यावल-भुसावळकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली नाहीतर पावरी, गुजर घरात गुजरी, आणि शाळेत गेल्यावर प्रमाण मराठी, आणि पाठोपाठ हिंदी आणि इंग्रजी. मनाचा अभ्यास करणाऱ्याला असा माल शोधून सापडत नाही आणि आपण त्याला 'मुलांची भाषा अशुद्ध आहे' म्हणून मोकळे होतो.

क्रियापदाचा भूतकाळ बघा. मराठीत बसला, उठला, पडला, हसला असा एक सरळ नियम आहे आणि त्यात जा चं गेला, कर चं केला, ये चं आला, दे चं दिला, घे चं घेतला अशी नियम मोडणारी मंडळी, आणि ही नेमकी रोजच्या वापरातली. लहान मूल आधी 'केलं' बरोबर म्हणतं, मग मधेच 'करलं' म्हणायला लागतं, आईला वाटतं पोरगं मागे चाललं, आणि काही महिन्यांनी परत आपोआप 'केलं' वर येतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं पण असंच होतं, आणि त्यावरच रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड ह्यांनी १९८६ मध्ये त्यांचं गाजलेलं मॉडेल बनवलं. ४२० क्रियापदं, आत कुठेही लिहिलेला नियम नाही, फक्त जोडण्या आणि त्यांचं कमीजास्त वजन, चुकलं की वजन थोडं हलवायचं. आणि ते नेटवर्क आधी बरोबर, मग मधे मुलासारखं चुकीचं, मग परत बरोबर असं गेलं. केवढी खळबळ झाली, नियम नसताना नियमासारखं वागणं! दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, पिंकर आणि प्रिन्स ह्यांनी त्यावर जोरदार टीका केली. त्यांचा एक आक्षेप असा की तुम्ही आधी फक्त १० नेहमीची क्रियापदं शिकवली आणि मग एकदम ४१० ओतली, म्हणून मधली घसरण झाली, खऱ्या मुलाला असं कोणी एका रात्रीत ओतत नाही.

हे भांडण मुलांना जसंच्या तसं द्यायला हवं. आपण सायन्स शिकवतो ते निकाल लागल्यावरचं शिकवतो, कोण जिंकलं तेवढं पाठ करायचं. इथे अकरावीची मुलगी स्वतः मराठी क्रियापदांची यादी घेऊन तेच मॉडेल छोट्या प्रमाणात बनवू शकते, तिचं नेटवर्क 'करला' म्हणायला लागलं की तिला आनंद होतो, आणि मग तिला विचारायचं की हे नेटवर्कने केलं की तू यादी ज्या क्रमाने दिली त्याने केलं? क्रम बदलून परत चालव.

आणि त्याच्या पुढची पायरी आपल्याच मातीतली आहे. अहिराणीत पडला ला पडना, बसला ला बसना, उठला ला उठना. आम्ही एका छोट्या नेटवर्कला आधी अहिराणी शिकवली, ते पक्कं 'ना' लावायला लागलं. मग अहिराणी बंद करून फक्त मराठी शिकवली. 'ला' आलं, पण परत अहिराणी विचारली तर सगळं साफ, जे विचाराल त्याला 'ला'. ह्याला शास्त्रात मोठं नाव आहे, मॅक्क्लोस्की आणि कोहेन ह्यांनी १९८९ मध्ये हेच बेरजेवर दाखवलं होतं, आधी एकच्या बेरजा शिकवल्या, मग दोनच्या शिकवल्या, आणि नेटवर्क एकच्या विसरून गेलं. तिथे बसलेल्या पोरांचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता, की सर आम्ही पण आधी अहिराणी शिकलो, मग मराठी, आम्ही कुठे विसरलो? म्हणजे मॉडेल चुकीचं आहे. हो, चुकीचं आहे, आणि त्याचाच उपयोग आहे, कारण आता विचारावं लागतं की माणसात असं काय आहे जे ह्याच्यात नाही.

मग दोन्ही भाषा मिसळून शिकवून बघितल्या, एक शब्द अहिराणी, एक मराठी. तर नेटवर्क पार गोंधळलं, ना धड 'ना' ना धड 'ला', कारण एकाच पड चं त्याला कधी पडना सांगताय कधी पडला, ते तरी काय करेल. तेव्हा एक पोरगा म्हणाला की ह्याला हे कुठे माहितीये की समोर आजी आहे का बाई! मग इनपुटमध्ये एक जागा वाढवली, समोर आजी असेल तर शून्य, शाळेतल्या बाई असतील तर एक, आणि परत मिसळून शिकवलं. दोन्ही भाषा बसल्या. आता हे किती साधं वाटतं बघा, पण समोर कोण आहे ही गोष्ट भाषेच्या आत असते, ती शिकण्याचा भाग आहे, हे त्या पोरांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, त्यांना ते नेटवर्क बसवताना स्वतःला शोधावं लागलं. मिसळून शिकवण्याबद्दल पण पुढे मोठं काम झालंय, मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ'रायली ह्यांनी १९९५ मध्ये असं मांडलं की मेंदूत दोन यंत्रणा असाव्यात, एक पटकन टिपून घेणारी आणि एक हळूहळू, जुनं-नवं मिसळत शिकणारी, त्यामुळे नवीन आलं म्हणून जुनं पुसलं जात नाही.

ह्यावरून लगेच कोणी म्हणू नये की बघा, अहिराणीतून शिकवा हे कॉम्प्युटरने सिद्ध केलं. असं काही सिद्ध झालेलं नाही. एवढ्याशा नेटवर्कने मुलाचं डोकं सिद्ध होत नसतं, आणि वजनं पुरेशी असली तर नेटवर्क जवळपास काहीही शिकून दाखवतं, त्यामुळे जुळलं म्हणजे खरं असं धरून चालत नाही. हे पण मुलांना पहिल्या तासापासून सांगायला पाहिजे. पण घरची भाषा बंद करून शाळेची चालू करायची की दोन्ही बरोबर चालू ठेवायच्या, ह्यावर आपण जे वर्षानुवर्षं नुसतं भावनेवर भांडतो, त्यात निदान विचारायचा प्रश्न तरी स्वच्छ होतो. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं म्हटलंय. छान आहे. पण धडगावच्या शाळेतल्या गुरुजींना, ज्यांना स्वतःला पावरी येत नाही, त्यांना हे कसं करायचं ते कोण दाखवणार?

२०१९ आठवतंय का, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाचा वाद झाला तो? एकवीस ऐवजी वीस एक, पंचवीस ऐवजी वीस पाच असं पण वाचता येईल असं पुस्तकात आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत विषय, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस. मुद्दा मनाचाच होता. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, म्हणून मुलं ५२ लिहितात, आणि एकोणचाळीस ला तर मुलाला चाळीसाच्या मागे जावं लागतं. जर्मन भाषेत पण एकक आधी बोलतात आणि तिकडची मुलं पण अशीच उलटी लिहितात, त्यावर व्यवस्थित संशोधन झालेलं आहे. म्हणजे प्रश्न खरा होता, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं, पण एवढ्या मोठ्या चर्चेत शब्द ऐकून आकडा लिहिताना मुलाच्या डोक्यात कुठल्या पायऱ्या होतात, कुठल्या पायरीवर पाय घसरतो, हे फळ्यावर मांडून बोलणारं माणूस मला तरी दिसलं नाही. परंपरा विरुद्ध इंग्रजाळलेले असं रंगवलं गेलं आणि विषय विरला. शब्द घेऊन अंक देणारा छोटा प्रोग्रॅम बारावीच्या मुलांनी लिहावा, त्यात मराठीच्या शंभर नावांना किती वेगळे नियम टाकावे लागतात ते मोजावं, मग 'वीस पाच' पद्धतीला किती लागतात ते मोजावं, आणि मग वाद घालावा. तो वाद ऐकायला मी येईन.

ह्यावर लोक काय म्हणतात ते मला माहितीये. पहिलं म्हणजे, अहो पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही मनाची मॉडेल्स काय घेऊन बसलात. मी उलट विचारतो, वाचता का येत नाही हे शोधणार कोण? जो शिक्षक मुलाच्या चुकीत नियम बघू शकतो तोच ना? म्हणून तर मी आधी डी.एल.एड., बी.एड. म्हणतोय. तिथे आज मानसशास्त्राच्या पेपरात पियाजेने सांगितलेल्या मुलाच्या वाढीच्या अवस्था पाठ करतात, पॅव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर, चार मार्कांच्या टिपा, आणि परीक्षा झाली की विसरतात. पियाजेबरोबर जिनिव्हाला काम करून आलेल्या सेमूर पेपर्टने तर १९६७ मध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली, आणि त्याचं सांगणंच असं होतं की प्रोग्रॅम लिहिताना मूल स्वतःच्या विचारावर विचार करायला लागतं. आपण लोगोतलं स्क्रीनवर हुकमाने फिरणारं कासव घेतलं, शाळेत चौकोन काढायला लावला, आणि तो विचार तेवढा बाहेर ठेवला.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि मला त्याचा आदर आहे. माणसाचं मन म्हणजे काय मशीन आहे का? प्रोग्रॅम मुलासारखा चुकला म्हणून त्याला मुलासारखं वाटतं थोडंच. बरोबर आहे. जॉन सर्ल ह्या तत्त्वज्ञांनी १९८० मध्ये हेच विचारलं होतं, की चिनी न येणारा माणूस खोलीत बसून नियमांचं पुस्तक बघत चिनी चिठ्ठ्यांना बरोबर उत्तरं देत राहिला तर बाहेरच्याला वाटेल ह्याला चिनी येतं, पण त्याला एक अक्षर कळलेलं नसतं. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, वाइझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम बनवला जो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, आणि त्याच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, जिला हे नुसतं वाक्य फिरवणं आहे हे माहीत होतं, तिने त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं की मला ह्याच्याशी एकट्याने बोलायचंय. ही गोष्ट आजच्या मुलांना तर सांगायलाच हवी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चॅटबॉटशी मनातलं बोलणारी पोरं आता आपल्या गावात पण आहेत. एलायझा अहिराणीत लिहायला लावा, 'काय व्हयनं?' विचारणारा, एका दिवसात होतो, आणि स्वतः लिहिलेला असला की तो ऐकत नाहीये, फक्त शब्द परत करतोय, हे आतून कळतं.

आणि मन म्हणजे काय ह्या वादासाठी खान्देशाला बाहेर बघायची गरज नाही. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं, देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहायचे, वेदांतावर आणि जाणिवेवर लिहायचे, चर्चा करायचे. एका व्यापाऱ्याला शंभर वर्षांपूर्वी वाटलं की आपल्या गावात ह्या प्रश्नांवर विचार व्हावा आणि त्याने त्यासाठी पैसा दिला. आज अमळनेरच्या मुलाने सकाळी नेटवर्क चालवावं आणि दुपारी तिथे जाऊन विचारावं की ह्याला जाणीव म्हणायचं का, का नाही म्हणायचं. मॉडेल बनवणारा माणूसच हा प्रश्न नीट विचारू शकतो, कारण त्याला मॉडेलमध्ये काय टाकलं आणि काय टाकायचं राहिलं ते दोन्ही माहीत असतं.

साधनांचं रडगाणं मला मान्य नाही. अहिराणीचं नेटवर्क एक्सेलमध्ये करता येतं, वजाबाकीचा प्रोग्रॅम मोबाईलवर चालतो, आणि रोझेनब्लॅटचा पर्सेप्ट्रॉन तर चौकटीच्या वहीवर पेन्सिलने करता येतो, लाईट गेली तरी तास चालू राहतो. नोकरीचं विचाराल तर एवढंच सांगतो की अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून ह्या विषयाचं केंद्र आहे, आयआयटी गांधीनगरला एम.एस्सी. आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत लॅब आहे, आणि आपल्याकडची मुलं तिकडे अर्ज करत नाहीत कारण असा काही विषय असतो हेच त्यांना ग्रॅज्युएट होईपर्यंत कोणी सांगितलेलं नसतं.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं आहेत. माझी मागणी लहान आहे. मानसशास्त्र, कॉम्प्युटर आणि भाषा ह्या तिघांच्या मुलांना एकत्र बसवणारा एक छोटा क्रेडिटचा पेपर ठेवावा, परीक्षेत टीप लिहा म्हणू नये, एक चालणारं मॉडेल आणि ते कुठे चुकतं ह्याची दोन पानं मागावीत. तिन्ही जिल्ह्यांच्या डाएटनी, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस वजाबाकीच्या चुका ओळखायच्या खेळाला द्यावा, मुलांच्या खऱ्या वह्या घेऊन. ज्या शाळांनी एआयची फी घेतलीय त्यांनी वर्षातले चार तास तरी ह्याला द्यावेत.

आणि क्रियापदांच्या याद्या करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मराठीची आणि अहिराणीची आमच्याकडे तयार आहे, लेवा बोलीची यावल-फैजपूरकडची मुलं महिन्याभरात करू शकतात, घरोघरी आज्या बसलेल्याच आहेत. भिली आणि पावरीची मात्र अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलांनीच करायला हवी, त्यांनी पन्नास क्रियापदं आणि त्यांचे भूतकाळ लिहून काढले, प्रत्येकापुढे कोण कोणाशी असं बोलतं ते टाकलं, की पुढचं नेटवर्क त्यांच्या भाषेचं.